एसव्हीएन सोडलं, पण अर्धंच

वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसचा सगळा कोड आम्ही गेल्या वर्षी एसव्हीएनवरून गिटवर नेला. एसव्हीएन (म्हणजे सबव्हर्जन) आणि गिट ही दोन्ही फाईलमध्ये कोणी, कधी, काय बदललं याचा इतिहास सांभाळणारी सॉफ्टवेअर. आता कोणी म्हणेल की बाई, एवढ्या उशिरा? तर हो, उशिराच. पण वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यात आमच्यासारख्या छोट्या कंपन्या कितीतरी आहेत जिथे एसव्हीएन आजही व्यवस्थित चालू आहे आणि "चालतंय ना, मग कशाला हात लावा" या न्यायाने कोणी त्याच्या वाटेला जात नाही. नेटवर जे लेख मिळतात ते सगळे "दहा मिनिटांत एसव्हीएन टू गिट" छाप असतात, त्यात कमांड असतात पण बाकीचा जो झोल असतो तो नसतो. तो झोल इथे लिहितेय.

आधी आमचं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही पॅकिंग मशीनची कंट्रोल पॅनल बनवतो. म्हणजे पॅनलचं वायरिंग ड्रॉइंग आमचं, आत बसणाऱ्या पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचा, प्रोग्राम आमचा, आणि मशीनशेजारी जो विंडोज पीसी असतो त्यावर बॅच रिपोर्ट, रेसिपी, बारकोड वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअरपण आमचं. गिऱ्हाईक तारापूर, वापी, सिल्वासा, चाकण असं पसरलेलं. हे तिन्ही प्रकारचं सामान एकाच एसव्हीएन सर्व्हरवर होतं आणि सर्व्हर म्हणजे यूपीएसच्या बाजूला ठेवलेला एक जुना डेस्कटॉप, ज्याच्यावर "बंद करू नये" असा कागद चिकटवलेला.

मी स्वतः या लाईनमध्ये आले तेव्हा महाप्याला नोकरी होती, ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर लाईन नवीन नवीन होती, आणि तिथे याच कामासाठी व्हिज्युअल सोर्ससेफ होतं. आजच्या पोरांना नावही माहीत नसणार. मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये ते एका दुसऱ्या कंपनीकडून विकत घेतलं होतं, आणि २०१७ मध्ये त्याचा सपोर्ट पूर्ण संपला. त्यात सवय अशी की फाईल चेकआउट केली की ती तुमची, दुसऱ्याने नुसती बघायची. आता विचार करा, गणपतीला माणूस कोकणात गेलाय आणि तीन महत्त्वाच्या फाईल त्याच्या नावावर अडकलेल्या, गावात मोबाईलला रेंज नाही, गौरी जाईपर्यंत तो काय येत नाही. ॲडमिनला सांगून चेकआउट सोडवता यायचा, पण त्याने जे बदल केलेले ते त्याच्याच मशीनवर राहायचे. वर त्याचा डेटाबेस शेअर्ड फोल्डरवर असायचा, नेटवर्क मध्येच तुटलं की कधी कधी खराब व्हायचा.

त्यामुळे पुढच्या नोकरीत एसव्हीएन बघितलं तेव्हा स्वर्ग वाटला होता, खरंच. सबव्हर्जनचं १.० व्हर्जन २००४ ला आलं, त्याच्या आधी सीव्हीएस होतं ज्यात प्रत्येक फाईलचा आपला आपला नंबर असायचा, दहा फाईल एकत्र कमिट करताना, म्हणजे बदल नोंदवताना, पाच गेल्या आणि मध्येच लाईट गेली तर गेल्या तेवढ्या गेल्या. एसव्हीएनमध्ये कमिट झालं तर पूर्ण झालं, नाहीतर नाहीच. आणि पूर्ण रेपोला, म्हणजे फाईल आणि त्यांच्या इतिहासाच्या साठ्याला, मिळून एकच नंबर, प्रत्येक कमिटला एकने वाढणारा, त्याला रिव्हिजन म्हणतात. दोघं एकाच फाईलवर काम करू शकतात, शेवटी मर्ज करायचं, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करायचे. वर टॉर्टॉइझ एसव्हीएन, म्हणजे ते कासव, राइट क्लिक केलं की सगळं तिथेच, हिरवी टिक म्हणजे ठीक, लाल उद्गारचिन्ह म्हणजे काहीतरी बदललंय. आमच्या ड्रॉइंगवाल्या काकांना कॉम्प्युटरचं बाकी काही विचारू नका पण लाल झालं की कमिट करायचं हे त्यांना पक्कं माहीत.

मग सोडलं कशाला?

खरं कारण टेक्निकल नव्हतंच. माणसं मिळेनात. इंटरव्ह्यूला पोरं येतात, प्रोजेक्ट चांगले केलेले असतात, सी शार्प येतं, आणि "एसव्हीएन वापरलंय का" म्हटलं की चेहरा कोरा. एका मुलाने तर "मॅडम, ते गिटहबचं जुनं नाव आहे का" असं विचारलं. गिटहब म्हणजे गिटचे रेपो ठेवायची वेबसाइट, त्यामुळे हसू आलं पण त्याची चूक नाही, त्याने जन्मात दुसरं काही पाहिलेलंच नाही. आणि जी मुलगी आम्ही घेतली ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "मॅडम, मी इथे रोज एसव्हीएन वापरीन, पण दोन वर्षांनी दुसरीकडे गेले तर मला सुरुवातीपासून शिकावं लागेल ना." एवढं स्पष्ट बोलणारी पोरगी मला आवडली. सरांना मी हेच वाक्य जसंच्या तसं ऐकवलं, तेव्हा कुठे ते हलले, त्याआधी मी ब्रँचिंग (मूळ कोडला हात न लावता वेगळ्या फांदीवर काम करणं), मर्जिंग, ऑफलाईन वगैरे सांगून थकले होते.

सरांना आकडे लागतात म्हणून मी स्टॅक ओव्हरफ्लोचे, म्हणजे प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटचे, सर्व्हे काढून ठेवले. २०१५ च्या सर्व्हेत गिट ६९ टक्क्यांच्या आसपास आणि एसव्हीएन ३७. म्हणजे तेव्हाही एसव्हीएन काही मेलेलं नव्हतं, तिघांतला एक जण वापरत होता. २०१८ ला गिट ८७, एसव्हीएन १६. २०२२ ला गिट ९४ च्या जवळ आणि एसव्हीएन ५ च्या जरासं वर. यात एकाला एकापेक्षा जास्त उत्तरं देता येतात म्हणून बेरीज शंभर होत नाही, सर आधी त्यावरच अडकले होते. गंमत म्हणजे २०१८ च्या त्याच यादीत "झिप करून बॅकअप ठेवतो" याला जवळपास ८ टक्के लोकांनी हो म्हटलंय, गिटसारख्याच मर्क्युरिअल नावाच्या सॉफ्टवेअरला ४ टक्केही नाहीत. "फायनल", "फायनल न्यू", "फायनल न्यू खरंच फायनल" ही पद्धत जगात मर्क्युरिअलपेक्षा जास्त चालते म्हणजे! आणि माझं मत विचाराल तर खरा आकडा त्याहून मोठा असणार, कारण स्टॅक ओव्हरफ्लोवर बसून सर्व्हे भरणारा माणूस वेगळा आणि चाकणच्या शॉप फ्लोअरवर पेनड्राईव्ह घेऊन फिरणारा माणूस वेगळा.

गिट जिंकलं कसं यावर जेवताना बरीच चर्चा व्हायची आमच्यात. लिनक्सवाले आधी याच कामासाठी बिटकीपर नावाचं एक सॉफ्टवेअर फुकट वापरायचे, २००५ मध्ये त्या कंपनीने फुकटचं बंद केलं आणि लिनक्स बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने एप्रिल महिन्यात काही दिवसांत गिट लिहून काढलं. त्याच महिन्यात, त्याच कारणाने मर्क्युरिअलपण सुरू झालं, आणि मी दोन्ही वापरलेत, शपथेवर सांगते मर्क्युरिअलच्या कमांड माणसाला समजतील अशा होत्या. गिटमध्ये चेकआउट म्हणजे ब्रँच बदलणं पण चेकआउट म्हणजेच फाईलमधले बदल फेकून देणं, एकाच शब्दाला दोन भलतीच कामं. नंतर त्यांनाच ते खटकलं आणि २०१९ मध्ये स्विच आणि रिस्टोअर अशा वेगळ्या कमांड आणल्या. तरी जिंकलं गिटच, कारण २००८ ला गिटहब आलं आणि दुनिया तिथे गेली. मायक्रोसॉफ्टने टीएफएस या स्वतःच्या कोड सांभाळायच्या सर्व्हरमध्ये २०१३ ला गिट आणलं, २०१७ पर्यंत विंडोजचा कोड गिटवर नेला, ३०० जीबीचा रेपो, ३५ लाख फाईल, त्यासाठी वेगळी फाईल सिस्टिम लिहावी लागली, आणि पुढच्याच वर्षी साडेसात अब्ज डॉलरला गिटहबच विकत घ्यायचं ठरवलं. बिटबकेट ही गिटहबसारखीच साइट, ती सुरुवातीला फक्त मर्क्युरिअलची होती, त्यांनीच २०२० ला मर्क्युरिअल बंद केलं. म्हणजे एकदा गर्दी एका बाजूला गेली की चांगलं-वाईट कोण बघतंय.

असो. आता मूळ काम.

पहिली पायरी म्हणजे नावांची यादी. एसव्हीएनमध्ये कमिट करणाऱ्याचं फक्त युजरनेम असतं, गिटला नाव आणि ईमेल दोन्ही लागतं, म्हणून एक साधी टेक्स्ट फाईल बनवायची की हे युजरनेम म्हणजे अमुक माणूस. ऐकायला सोपं. आमच्या लॉगमध्ये "ॲडमिन", "पीसी३", "ट्रेनी", "ट्रेनी२", "टेस्ट" अशी मंडळी निघाली. पीसी३ वर कोण बसायचं? तर खिडकीजवळचं मशीन, तिथे आधी एक बसायचा, मग तो सोडून गेला, मग दुसरी आली, युजरनेम तेच. मी जुन्या लोकांना फोन लावत बसले. एक जण कॅनडात, एकाने लाईन सोडून डोंबिवलीला क्लास काढलाय, एक म्हणाला "मॅडम, तो बग माझा नाही हां, आधीच सांगतो". अरे बाबा, बग नाही विचारत, नाव विचारतेय! ज्यांचा पत्ता लागला नाही त्यांना "जुना ट्रेनी" असं नाव देऊन टाकलं. यादीत एक जरी नाव कमी असेल ना, तर गिट-एसव्हीएनचं (एसव्हीएनचा इतिहास गिटमध्ये आणणारं टूल) क्लोन, म्हणजे पूर्ण नक्कल काढणं, त्या कमिटपाशी येऊन थांबतं, म्हणतं ऑथर माहीत नाही. आणि हे क्लोन एकेक रिव्हिजन उचलत जातं, रात्रभर चालू ठेवायचं आणि सकाळी येऊन बघावं तर ते रात्री साडेदहालाच "ट्रेनी२" वर अडकून बसलेलं. म्हणून आधी एसव्हीएन लॉगमधून सगळी युजरनेम काढा, मगच सुरू करा, आणि जमलं तर लिनक्स मशीनवर करा, विंडोजवर ते फारच रेंगाळतं.

दुसरं, फोल्डरची रचना. पुस्तकात ट्रंक (मुख्य कोड), ब्रँचेस (फांद्या), टॅग्ज (नाव देऊन ठेवलेल्या ठरावीक प्रती) अशी तीन फोल्डर असतात. आमच्याकडे ट्रंक होतं, त्याच्या आत गिऱ्हाइकाच्या नावाची फोल्डर होती, त्यांच्या आत परत एक ट्रंक होतं, आणि "डिलिव्हर्ड" नावाचं एक फोल्डर होतं जे खरं तर टॅग्ज होतं पण कोणी कोणी त्यातच बसून कोडिंगपण केलेलं. एसव्हीएनमध्ये टॅग म्हणजे शेवटी एक कॉपीच असते, तिच्यात बदल करायला कोणी अडवत नाही, त्याचा हा परिणाम. शेवटी मी ठरवलं की प्रत्येक प्रॉडक्टचा वेगळा रेपो, आणि "डिलिव्हर्ड" मधलं जे खरंच साइटवर चालू आहे तेवढंच टॅग म्हणून आणायचं, बाकी जुन्या सर्व्हरवर वाचायला राहू दे. पूर्ण इतिहास शेवटच्या कणापर्यंत नेलाच पाहिजे असा काही लोकांचा हट्ट असतो, मला तो पटत नाही. कोणी बघत नाही हो.

तिसरं, साइज. एसव्हीएनमध्ये तुम्ही फक्त ताजी कॉपी उतरवता, इतिहास सर्व्हरवरच राहतो, त्यामुळे पूर्वी कोणीतरी सेटअपची ईएक्सई, मॅन्युअलची पीडीएफ आणि एकदा तर गिऱ्हाइकाचा पूर्ण डेटाबेस बॅकअप कमिट करून नंतर डिलीट केला होता, हे कोणाला जाणवलंच नव्हतं. गिटमध्ये क्लोन म्हणजे पहिल्या दिवसापासूनचा सगळा संसार तुमच्या लॅपटॉपवर. पहिलं क्लोन बघितलं तर कोड मूठभर आणि रेपो अवाढव्य. गिटहबला तर १०० एमबीच्या वरची फाईल इतिहासात कुठेही असली तरी पुश, म्हणजे आपल्याकडून वर पाठवलेले कमिट, घेतच नाही. गिट फिल्टर-रेपो नावाचं एक टूल आहे, त्याने त्या फाईल इतिहासातून मुळापासून काढल्या. पण हे सगळ्यांनी क्लोन करायच्या आधी करायचं, नंतर केलं तर सगळे हॅश, म्हणजे प्रत्येक कमिटची ओळख, बदलतात आणि प्रत्येकाकडे जुना रेपो, नवा रेपो असा काला होतो.

मग बारीकसारीक. गिट रिकामं फोल्डर ठेवत नाही, आमचं सॉफ्टवेअर सुरू होताना "लॉग" नावाचं फोल्डर आहे असं गृहीत धरून चालायचं, टेस्टिंगला पहिल्याच क्लोनवर धाडकन बंद पडलं. त्यात एक नावापुरती फाईल टाकून ठेवावी लागते. लाईन एंडिंगचं, म्हणजे ओळ संपल्याची खूण विंडोज आणि लिनक्सवर वेगळी असण्याचं, प्रकरण वेगळंच, काही न करता सगळ्या फाईल बदललेल्या दिसतात, त्यावर गिट-ॲट्रिब्यूट्स फाईल पहिल्याच दिवशी टाकणं हा एकच इलाज. आणि एसव्हीएन एक्सटर्नल्स (दुसरीकडचं फोल्डर आपल्या फोल्डरात जोडणं) वापरत असाल तर ते गिट-एसव्हीएन आणत नाही, आमची कॉमन लायब्ररी तशी होती, ती वेगळा रेपो करून सबमॉड्यूल, म्हणजे रेपोच्या आत जोडलेला रेपो, म्हणून लावली. सबमॉड्यूलला सगळे शिव्या घालतात, मीपण घातल्या, चालू आहे.

पण ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ती यांच्यापैकी नव्हतीच. ती म्हणजे पॅनलवरचा स्टिकर.

आमच्या प्रत्येक पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला एक छोटा पांढरा स्टिकर असतो, त्यावर मशीन नंबर, तारीख आणि "रिव्हिजन ३१८७" असा आकडा. हा एसव्हीएनचा नंबर. टॉर्टॉइझसोबत एक छोटं टूल मिळतं, सबडब्ल्यूसीरेव्ह, ते बिल्ड करताना हा नंबर कोडमध्ये घालायचं, तोच सॉफ्टवेअरच्या अबाउट स्क्रीनवर दिसायचा आणि तोच स्टिकरवर. सर्व्हिस इंजिनिअर वापीवरून फोन करणार, मागे मशीनचा खडखडाट, "मॅडम, एकतीस सत्त्याऐंशी आहे, ट्रिप होतंय", की आम्ही इथे तो रिव्हिजन उघडून बघणार. शिवाय ३१८७ पेक्षा ३२४० नवीन हे शेंबड्या पोरालाही कळतं.

गिटमध्ये असा नंबरच नाही. प्रत्येक कमिटला चाळीस अक्षरांचा हॅश, आकडे आणि ए ते एफ मिसळलेले, त्यातली पहिली सात अक्षरं वापरतात. कुठला आधीचा, कुठला नंतरचा, बघून कळत नाही. नंबर का नाही तर प्रत्येकाकडे स्वतंत्र रेपो आहे, दोघं आपापल्या लॅपटॉपवर एकाच वेळी कमिट करत असतील तर पुढचा नंबर कोणी कोणाला द्यायचा? लॉजिक बरोबर आहे. पण आम्ही प्रयोग म्हणून एका स्टिकरवर सात अक्षरी हॅश छापला आणि सर्व्हिसवाल्याला फोनवरून वाचायला लावला. "सात... बी... नाही नाही डी... मॅडम, डी दिल्लीचा... मग तीन, ई... का बी?" तो वैतागला, मी वैतागले, बाजूला उभे राहून सर हसत होते.

मग असं केलं. जुन्या मशीनसाठी, क्लोन करताना गिट-एसव्हीएन प्रत्येक कमिटच्या मेसेजखाली एक ओळ टाकतं ज्यात जुना रिव्हिजन नंबर असतो. बहुतेक लेखांत "नो-मेटाडेटा" हा पर्याय देऊन ती ओळ काढून टाका, घाण दिसते असं लिहिलेलं असतं. आम्ही ती मुद्दाम ठेवली. आज कोणी ३१८७ म्हणालं की लॉगमध्ये तो आकडा शोधला की कमिट मिळतो. नवीन मशीनसाठी नियम असा की टॅग नसेल तर मशीन दाराबाहेर जाणार नाही. टॅगचं नाव म्हणजे साधा चढता आकडा, आणि तो एसव्हीएनच्या शेवटच्या नंबरच्या पुढच्या राऊंड फिगरपासून सुरू केला म्हणजे जुना-नवा गोंधळ नको. बिल्ड स्क्रिप्टमध्ये गिट डिस्क्राइब, म्हणजे जवळचा टॅग सांगणारी कमांड, लावलंय, कोड नेमका टॅगवर नसेल किंवा एखादी फाईल कमिट न केलेली असेल तर रिलीज बिल्ड होतच नाही. आधी एसव्हीएनमध्ये लोक कमिट न करता मशीन पाठवायचे आणि स्टिकरवर मागचाच नंबर जायचा, ते यामुळे बंद झालं. सर्व्हिसवाल्यांना काही बदललंय हे कळलंच नाही, आणि मला वाटतं या सगळ्या उद्योगातलं हेच काम सगळ्यात चांगलं झालं.

लोकांना शिकवणं हा वेगळा अध्याय. एसव्हीएनवाल्या माणसाच्या डोक्यात कमिट म्हणजे सर्व्हरवर गेलं. गिटमध्ये कमिट आपल्याच मशीनवर, पुश केलं तर जातं. आमचे पीएलसीवाले सीनियर आठवडाभर इमानदारीत कमिट करत होते आणि बाकीचे विचारतायत की अहो तुमचं काम दिसत का नाही. स्टेजिंग एरिया, म्हणजे पुढच्या कमिटमध्ये काय जाणार ते निवडून ठेवायची जागा, तर त्यांना अजिबातच पटेना, "बदल केला, आता कमिट करायचा, मध्ये हे ॲड कशाला?" आमच्या नवीन पोरीने काय सांगितलं माहितीये, "सर, ठाण्याला उतरणारे मुलुंडलाच दारात येऊन उभे राहतात ना, तसं. दारात आले तेवढेच उतरणार, बाकीचे आत बसलेले पुढे कल्याणला." परत तो प्रश्न आला नाही.

सर्व्हर आम्ही बाहेर नाही ठेवला. काही गिऱ्हाइकांशी करार असा आहे की त्यांचा प्रोग्राम ऑफिसबाहेरच्या सर्व्हरवर जाता कामा नये, त्यामुळे ऑफिसमध्येच गिटी, म्हणजे आपल्या मशीनवर चालणारं गिटहबसारखं सॉफ्टवेअर, बसवलं, हलकं आहे, साध्या पीसीवर चालतं. मेन ब्रँचवर थेट पुश बंद, फोर्स पुश (सर्व्हरवरचा इतिहास पुसून आपला टाकणं) तर कोणालाच नाही, मलाही नाही.

आणि एक फायदा, जो मी सरांना आधी सांगून थकले होते आणि तेव्हा त्यांनी कानावर घेतला नव्हता, तो पावसाळ्यात आपोआप सिद्ध झाला. साइटवर, विशेषतः फार्मा कंपनीत, आत इंटरनेट देत नाहीत, कधी कधी मोबाईलही गेटवर जमा. एसव्हीएन असताना इंजिनिअर तिथे दोन-तीन दिवस बदल करत राहायचा आणि परत आल्यावर सगळं एकाच कमिटमध्ये ओतायचा, मेसेज काय तर "साइट चेंजेस". आता तो तिथेच बसून प्रत्येक बदलाला वेगळा कमिट करतो, जुना लॉग बघतो, फरक बघतो, सगळं लॅपटॉपवरच, आणि ऑफिसला आला की पुश. सिल्वासाच्या एका साइटवर जोरदार पाऊस, रस्ता बंद, माणूस तिथेच अडकलेला, आणि त्याने केलेले बदल एकेक करून उलटे फिरवत कुठल्या बदलाने कन्व्हेअर उशिरा थांबतोय ते शोधून काढलं. एसव्हीएनमध्ये सर्व्हरशिवाय लॉगसुद्धा बघता येत नाही, हे तिथे अशक्य होतं.

आता शीर्षकातल्या "अर्धंच" वर येते.

सॉफ्टवेअरचा कोड म्हणजे टेक्स्ट, दोघांनी बदलला तरी मर्ज होतो. ड्रॉइंगची फाईल मर्ज होत नाही. पीएलसीच्या प्रोजेक्ट फाईलपण आमच्याकडच्या बऱ्याच बायनरीच, म्हणजे टेक्स्ट नसलेल्या, आहेत. तिथे दोघांनी एकाच वेळी काम केलं की एकाचं काम फुकट, दुसरा इलाज नाही. म्हणजे ज्या सोर्ससेफच्या लॉकला मी इतक्या शिव्या घातल्या तोच लॉक इथे पाहिजे. एसव्हीएनमध्ये तो छान आहे, फाईलला नीड्स-लॉक लावलं की ती रीड-ओन्लीच उतरते, लॉक घेतल्याशिवाय सेव्ह करता येत नाही, आणि कोणाकडे लॉक आहे ते दिसतं. गिटमध्ये मोठ्या फाईलसाठी एलएफएस आहे, त्यात २०१७ पासून लॉकिंगपण आहे, आम्ही लावून बघितलं. काम होतं. पण ड्रॉइंगवाल्या काकांना आधी पुल (सर्व्हरवरचं ताजं आणणं), मग लॉक, मग कमिट, मग पुश, मग अनलॉक हे सगळं शिकवून मिळणार काय होतं? त्यांना ब्रँच नको, ऑफलाईन नको, इतिहास लॅपटॉपवर नको. गेम बनवणारे मोठे मोठे स्टुडिओ आजही परफोर्स नावाचं याच प्रकारचं सॉफ्टवेअर वापरतात ते याच कारणासाठी, त्यांच्याकडे चित्रं आणि थ्रीडी मॉडेलचे डोंगर असतात. त्यामुळे ड्रॉइंग आणि बायनरी पीएलसी फाईल एसव्हीएनवर राहिल्या. सर्व्हेवाल्यांनी आम्हाला विचारलं तर आम्ही दोन्हीला टिक करू.

नवीन पोरीचं तेवढ्यात पुढचं सुरू झालंय. तिच्या मशीनवर ती जुजुत्सू वापरते, गूगलमधल्या एका इंजिनिअरने सुरू केलेलं, खाली गिटचाच रेपो आणि वर वेगळ्या कमांड, स्टेजिंग वगैरे काही नाही. म्हणजे मुलुंडचं उदाहरण देणारीच स्वतः दारात उभी राहत नाही. फेसबुकवाल्यांनीपण मर्क्युरिअलवरून स्वतःचं सॅपलिंग काढलं, २०२२ ला सगळ्यांना खुलं केलं, तेही गिटच्या रेपोशी बोलतं. फायरफॉक्सवाले मर्क्युरिअल सोडून २०२५ मध्ये गिटवर आले. माझा अंदाज असा की खालचा साठा गिटचाच राहणार आणि वरची कमांड प्रत्येकाच्या आवडीची होणार. मी तिला एवढंच सांगितलंय की अगं, तुला जे वापरायचं ते वापर, मेन ब्रँचवर माझ्याकडे नीट आलं म्हणजे झालं.

आणि तो "बंद करू नये" वाला डेस्कटॉप शेवटी या उन्हाळ्यात गेलाच, हार्ड डिस्क कुरकुरायला लागली होती. ड्रॉइंगसाठी नवीन पीसी घेतला, त्यावर मी सबव्हर्जन १.१४ टाकलं, जुन्या रेपोचा डंप काढून लोड केला, रोज रात्री बॅकअपची स्क्रिप्ट लावली. सर आले, स्क्रीनकडे बघून म्हणाले, "मॅडम, आपण एसव्हीएन सोडलं होतं ना?" काकांनी मान वर न करता सांगितलं, "तुम्ही सोडलं, आम्ही नाही."